कण काढून घेतल्यावर

पीएचडी कशात करतेय हे लोकांना सांगणं मी केव्हाच सोडून दिलं. पहिली दोन-तीन वर्षं हौसेनं सांगायचे. लग्नाकार्यात, स्टाफरूममध्ये, एकदा तर रिक्षावाल्याला सुद्धा. लोक "वा, छान" म्हणून गप्प बसायचे, नाहीतर विचारायचे, "पण त्याचा उपयोग काय?" पाचव्या-सहाव्या वर्षी प्रश्न बदलला, "झाली का?" असा झाला. अकराव्या वर्षी तोही बंद झाला. खरं सांगते, ते सगळ्यात जास्त लागलं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. लेक्चर, प्रॅक्टिकल, हजेरीपट, वर कुठल्या ना कुठल्या समितीसाठी भरायच्या फायली, आणि घरी गेलं की कुकर. एवढ्यातून माझ्या वाट्याला उरायचा सकाळी सहाच्या आधीचा दीड तास. थंडीत स्वेटरवर शाल घेऊन बसायचे. अकरा वर्षं मी तो दीड तास एका चुंबकाला दिला, आणि तोही खरा नाही, कॉम्प्युटरमधला.

विषय सांगते, म्हणजे पुढचं समजेल. इलेक्ट्रॉनसारखा एखादा सूक्ष्म कण असतो, त्याचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व असतं. मोजायला गेलं की उत्तरं दोनच मिळतात, वर किंवा खाली. मोजण्याआधी मात्र तो वर असतो की खाली? दोन्ही, असं सिद्धान्त म्हणतो. मग मोजताना त्या दोन्हीचं एक कसं होतं? पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की मोजलं की एक उत्तर मिळतं. बस. मी स्वतः इतकी वर्षं तेच फळ्यावर लिहीत आले. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत परत लिहितात, मी बरोबरची खूण करते.

माझे गाईड असलेले सर या "बस"वर आयुष्यभर चिडलेले होते. ते म्हणायचे, "मोजणारं यंत्र काय आकाशातून पडतं? तेही कणांचंच. फक्त त्यात कण अफाट आहेत. आणि अफाट कणांचा हिशोब कसा करायचा, ते आपल्याला येतं." तो हिशोब म्हणजे सांख्यिकी यामिकी. एकेकट्या कणाची विचारपूस करायची नाही, अख्ख्या गर्दीचं काय होतं ते पाहायचं. तेव्हा आमचं यंत्र म्हणजे एक चुंबक, असंख्य बारक्या चुंबकांचं बनलेलं. सुरुवातीला त्यातलं कुणी कुठंही तोंड करून बसलेलं, म्हणून यंत्राचा काटा मधोमध. मोजायचा कण जवळ आणला की तो या गर्दीला जरासं आपल्याकडे ओढतो. मग गर्दी एकमेकांना ओढते आणि सगळी एका बाजूला वळते. यात जी उष्णता निघते ती भोवताल पिऊन टाकतो. काटा कलतो. झालं मोजमाप. त्या गर्दीच्या धक्काबुक्कीत कणाचं ते "दोन्ही" कसं पुसलं जातं, हे माझ्या दुसऱ्या प्रकरणात होतं. ते प्रकरण बरोबर होतं, आजही बरोबर आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण अकरा वर्षांतलं तेवढंच मला छाती पुढे काढून सांगता येतं.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कॉलेज रोडच्या मागच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको, दोघंच राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणायचो, कारण त्या दिंडोरीकडच्या एका गावात जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. द्राक्षांचे दिवस आले की त्यांचे जुने विद्यार्थी पेट्या आणून टाकायचे. मग आम्ही गेलो की चहाबरोबर द्राक्षं, नको म्हटलं तरी पिशवीत द्राक्षं.

सरांच्या घरी एक रिवाज होता. प्रबंध कितीही चांगला असो, सही करण्याआधी विद्यार्थ्यानं तो बाईंना समजावून सांगायचा. मराठीत, एकही समीकरण न लिहिता. बाईंना कळलं तर सही. माझ्या आधी एकाला बाईंनी तीन वेळा परत पाठवलं होतं. तो अजूनही त्यांना टरकतो.

माझी पाळी आली तेव्हा मुदत संपायला नऊ दिवस होते. मुदतवाढी सगळ्या घेऊन झाल्या होत्या. आता दिला नाही तर नोंदणी रद्द, असं पत्र आलं होतं. मी तयारीनं गेले. चांगलं शिकवते मी, त्याबाबतीत मला खोटा विनय नाही.

बाईंना म्हटलं, "समजा, आमच्या कॉलेजचा हॉल आहे. स्नेहसंमेलन. पाहुण्यांचं भाषण रटाळ चाललंय, पोरं पेंगतायत. एवढ्यात एक जण टाळी वाजवतो. त्याचं बघून शेजारचा. मग ती रांग, मग मागची, मग अख्खा हॉल."

"आणि पाहुण्यांना वाटतं भाषण आवडलं," बाई म्हणाल्या.

"अगदी! आता तो पहिला थांबला तरी हॉल थांबत नाही. एकमेकांचं बघून वाजवतच राहतात. तो पहिला म्हणजे आपला कण, आणि हॉल म्हणजे यंत्र. कण निघून गेला तरी काटा तिथंच राहतो. म्हणूनच त्याला नोंद म्हणायचं. नाहीतर कण आहे तोवर काटा वर, कण गेला की खाली, याला काय अर्थ?"

बाईंनी मान डोलावली. सर खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते बरेचदा डोळे मिटूनच असायचे. मला वाटलं, सुटले एकदाची.

मग बाईंनी विचारलं, "तू काढून बघितलास?"

"काय?"

"तो कण. काढून घेतलास आणि बघितलंस, काटा राहतो का?"

"हो," मी म्हटलं. "बघितलं की."

बाई "बरं" म्हणून चहा टाकायला उठल्या. सरांनी डोळे उघडले, प्रमाणपत्राचं पान ओढून घेतलं आणि निळ्या शाईनं सावकाश सही केली. माझ्या हातात कप आला आणि पहिला घोट घेता घेता मला ती ओळ आठवली.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ असते. कण यंत्रापासून कधी वेगळा करायचा, ते सांगणारी. तीन वर्षांपूर्वी चाचण्या घेत होते तेव्हा आलेख स्वच्छ दिसावा म्हणून मी ती ओळ तात्पुरती बंद केली होती. नंतर चालू करू म्हणून. मध्ये मुलाची दहावी झाली, सासऱ्यांचं आजारपण झालं, दोनदा परीक्षांचं काम गळ्यात पडलं. ते "नंतर" काही आलंच नाही. म्हणजे माझ्या सगळ्या आलेखांत तो पहिला माणूस कधी थांबलेलाच नव्हता. शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता. आणि मी हेच टाळ्यांचं उदाहरण तीन परिषदांमध्ये देऊन आले होते!

कप खाली ठेवला. सही झालेलं पान फाइलमध्ये घालून, द्राक्षांची पिशवी स्कूटीला अडकवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओळ चालू केली. मनात म्हणत होते, काही होणार नाही, राहील काटा. उत्तर यायला सात-आठ मिनिटं लागली. रेघ वर चढली, वर गेल्यावर सरळ झाली, अगदी माझ्या प्रबंधातल्यासारखी. मग कण वेगळा केल्याची वेळ आली. रेघ खाली यायला लागली. घाईनं नाही, आरामात. आली ती थेट मधोमध येऊन बसली. काही मोजलंच नव्हतं जणू. मी तशीच बघत बसले. आतून दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठले.

माझ्या गर्दीची आपापसातली ओढ कमी पडत होती, एवढाच त्याचा अर्थ. कण धरून होता म्हणून काटा उभा होता. मग ओढ वाढवायची, सोपं आहे, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. चार दिवस तेच केलं. ओढ वाढवली की गर्दी इतकी उतावीळ व्हायची की कण येण्याआधीच काटा आपला आपण कुठं तरी पडायचा. पाहुणे खोकले तरी टाळ्या सुरू! असलं यंत्र काय कामाचं? आधी गप्प बसायला हवं आणि नंतर थांबायला नको, दोन्ही एकाच गर्दीकडून. मधे कुठं तरी बारीकशी जागा असणार हे कळत होतं. पण ती शोधायला चार दिवस नाही, चार महिनेही पुरले नसते. आणि विद्यापीठापुढचं अंतिम सादरीकरण होऊन गेल्यावर निष्कर्ष बदलायचा तर सादरीकरण पुन्हा. त्याची तारीख मिळेपर्यंत मुदत कधीच संपलेली.

नवऱ्याला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "देऊन टाक. कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी त्याच्यावर इतकी भडकले की तो बिचारा पोळी अर्धी टाकून उठला. त्यानं काही वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. राग याचा आला की सकाळपासून मी मनात तेच वाक्य घोळवत होते.

आणि मी देणारच होते. हे लपवण्यात अर्थ नाही. मुदतीला दोन दिवस राहिले तेव्हा पानांचा गठ्ठा घेऊन बाइंडिंगवाल्याकडे गेले. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. त्यानं पानं ठोकून सारखी केली, प्रमाणपत्राचं पान वर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, उद्या चारला घेऊन जा." तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या.

"अगं, त्या दिवसापासून डोक्यात आहे म्हणून फोन केला. कामात नाहीस ना?"

"नाही, बोला ना."

"तू म्हणालीस कण काढून बघितला. पण मग काटा किती वेळ राहिला, ते नाही सांगितलंस. कायमचा राहतो का, की काही वेळानं पडतो?"

दुकानात झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. बाइंडिंगवाला बोटं दाखवून विचारत होता, पाचच ना? फोनमधून बाई म्हणाल्या, "अगं, आहेस ना?"

"बाई," मी म्हटलं, "मी येते."

गठ्ठा परत घेतला. बाइंडिंगवाला वैतागला. त्याचंही बरोबर होतं.

सरांच्या बैठकीत बसून सगळं सांगितलं. ती ओळ, ते "नंतर", सकाळची ती खाली येणारी रेघ, आणि मी बाईंना ठोकून दिलेलं "हो". हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोलताना फाइलची नाडी सोडत-बांधत होते आणि त्याची मला चीड येत होती. एवढी मोठी बाई मी, शाळेतल्या पोरीसारखी!

सर म्हणाले, "मी आलेख बघत होतो. प्रोग्रॅम मागायला हवा होता. डोळ्यांचं निमित्त करून मागितला नाही." आणि थोड्या वेळानं, जमिनीकडे बघत, "दे तसाच. दुरुस्ती नंतर छापू. लोक करतात असं."

अकरा वर्षांत सरांच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. ते माझ्यासाठी म्हणाले होते. माझी कीव करून. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही.

स्वयंपाकघराच्या दारात बाई उभ्या होत्या, हात पुसत. म्हणाल्या, "मग दर वेळी माझ्यासमोर बसवून कशाला सांगायला लावता? मी काय शोभेला आहे?"

मी फाइल उघडली, सही केलेलं पान काढलं आणि टीपॉयवर ठेवलं. म्हटलं, "नाही देत मी."

लोक नंतर म्हणाले, धाडस केलंस. कसलं धाडस? मी दमले होते. पुढची पंधरा वर्षं "झाली का?" विचारणाऱ्याला "हो" म्हणत राहायचं, आणि प्रत्येक "हो" म्हणताना ती रेघ खाली येताना बघायची, एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. खोटं निभवायलाही माणूस ताजातवाना लागतो.

पंधरा दिवसांनी नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं. स्टाफरूममध्ये कुणी काही म्हणालं नाही, फक्त माझ्या पुढ्यात बोलताना प्रमोशनचा विषय टाळायला लागले. माझ्यामागून आलेली एक जण, माझीच विद्यार्थिनी, विभागप्रमुख झाली. तिचं अभिनंदन केलं, पेढा खाल्ला. पेढा गोड होता. घरी येऊन रडले.

सर मात्र हट्टाला पेटले. दर रविवारी दहाला बोलवायचे. म्हणायचे, "पदवी गेली ना? मग आता घाई नाही. जागा शोध." मी प्रोग्रॅमच्या ओळी वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "थांब. ही कशाला?" पूर्वी दहा मिनिटांत जे व्हायचं त्याला आता अख्खा रविवार लागायचा. मला कंटाळा यायचा. खूप यायचा. एक-दोनदा खोटं सांगून गेलेही नाही. सासरी घोटीला जायचंय म्हणून सांगितलं आणि घरी झोपून राहिले. त्याचं आता वाईट वाटतं, पण तेव्हा झोप हवी होती.

असे दीड वर्ष रविवार गेले. मग एका शुक्रवारी सर गेले. बसल्या जागी, वर्तमानपत्र हातात असताना. बाईंनी मला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतात तसा सरळ होता.

त्यानंतर काम सुटेल असंच मला वाटलं होतं. विचारणारं कुणी नाही, पदवी नाही, मुदत नाही, रविवार नाही. कशाला उठायचं? तेराव्यानंतरच्या सोमवारी साडेचारला जाग आली. पडून राहिले. पावणेपाचला उठून शाल घेतली आणि मशीन लावलं. उत्साह वगैरे काही नव्हता. दुसरं काय करायचं हे सुचलं नाही, एवढंच. मंगळवारीही तसंच. तसेच महिने गेले. जागा सापडली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. नेहमीसारखे आकडे घातले, चुंबक पूर्वीपेक्षा बराच मोठा केला, मशीन सुरू ठेवून कॉलेजला गेले. आले तर रेघ वर होती. कण केव्हाच काढला होता. वाटलं, परत ती ओळ बंद राहिली. उघडून पाहिली. चालू होती. कण न आणता नुसतं यंत्रच सोडून बघितलं, तर काटा मधोमध, हलायला तयार नाही. आधी गप्प, नंतर ठाम. मी पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून चालवलं. मग आणखी एकदा. तोंड भाजलेलं होतं, ताकही फुंकूनच पिणार.

आलेखाचा कागद घेऊन बाईंकडे गेले. द्राक्षांचे दिवस होते, दाराशी पेट्या होत्या. बाई वाळल्या होत्या. सरांच्या खुर्चीवर धुतलेले कपडे घडी करून ठेवलेले होते.

"बाई, राहतो," मी म्हटलं.

त्यांना काय ते लगेच कळलं. चष्मा लावला, कागद उजेडात धरला. "कण काढून बघितलास?"

"काढून बघितला."

"खरं सांगतेस?"

"शपथ, बाई. हे बघा, इथं काढला. इथून पुढे यंत्र एकटं आहे."

त्यांनी बोट रेघेवर ठेवलं आणि कण काढल्याच्या खुणेपासून कागदाच्या कडेपर्यंत सावकाश नेलं. "मग किती वेळ राहिला?"

"तीन आठवडे चालवलं. मग आमच्याकडची वीज गेली. तोवर पडला नव्हता."

बाई हसल्या. सर गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. मग उठल्या, आतल्या कपाटाचं दार कुरकुरलं, आणि एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन बाहेर आल्या. आत एकच कागद होता. माझ्या प्रबंधाचं प्रमाणपत्राचं पान. मी टीपॉयवर ठेवून गेले होते ते.

"मी म्हटलं होतं, फाडून टाका," बाई म्हणाल्या. "तर म्हणाले, असू दे. काटा राहिला की तिला देऊ. मी नसलो तर तू दे. पण आधी नीट विचारून घे."

निळी सही जशीच्या तशी होती. वर छापलेलं होतं, सदर काम माझ्या मार्गदर्शनाखाली झाले असून त्यातील निष्कर्ष तपासले आहेत. विद्यापीठाच्या लेखी त्या कागदाला आता काडीची किंमत नाही. मी तो दोन्ही हातांनी घेतला.